मधुमेही वृद्धांचा आरोग्यविमा

उतारवयात मधुमेह असलेल्या व्यक्तीचा औषधोपचाराचा खर्च पूर्णतः वा अंशतः भरून देणारी विमाव्यवस्था. अनिश्चित आपत्तीचा भार अनेकांनी मिळून वाटून घेणे, हे विम्याचे मूलतत्त्व होय. मधुमेह हा एकदा जडला की जन्मभर सोबत राहणारा विकार असल्यामुळे त्यात अनिश्चितता फारशी उरत नाही. शिवाय वयाबरोबर हृदय, मूत्रपिंडे, दृष्टिपटल व पायांतील तंत्रिका यांवर त्याचे दुष्परिणाम होऊ लागतात. आग किंवा अपघात यांच्या धर्तीवर आखलेल्या विम्यात मधुमेही वृद्धाला त्यामुळे दीर्घकाळ स्थान नव्हते.

भारतात आरोग्यविम्याचा प्रारंभ औद्योगिक कामगारांपासून झाला. कर्मचारी राज्य विमा अधिनियम १९४८ मध्ये संमत झाला आणि त्याखालील योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. दवाखान्यातील तपासणी आणि नित्याची औषधे यांचाही तीत समावेश होता. मधुमेह्याच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची, कारण त्याचा बहुतेक खर्च रुग्णालयाबाहेरच होतो. विहित काळ नोकरी केलेल्या निवृत्त कामगारास व त्याच्या पत्नीस वर्षाला १२० रु. भरून वैद्यकीय लाभ चालू ठेवण्याचीही सोय पुढे झाली. तथापि अधिनियमाने हंगामी कारखाने वगळले आणि त्यांच्या व्याख्येत साखर व गूळ यांच्या उत्पादनाचा नावानिशी उल्लेख केला. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर ही कारखान्यांची गावे ज्या बारामती–इंदापूर भागात आहेत, तेथील साखर कामगार अशा रीतीने या संरक्षणाबाहेर राहिला. शेतकरी व शेतमजूर यांचा तर प्रश्नच नव्हता.

सर्वसाधारण विमाव्यवसायाचे १९७३ पासून राष्ट्रीयीकरण झाल्यावर चार सरकारी कंपन्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ हे विमापत्र आणले. रुग्णालयात किमान २४ तास दाखल होणे ही त्याची प्रमुख अट होती आणि विमा उतरविण्यापूर्वीचे आजार, म्हणजे पूर्वव्याधी, त्यातून वगळलेले होते. या एका शब्दाने मधुमेह्याची मोठी अडचण केली. केवळ मधुमेहच नव्हे, तर त्यातून उद्भवलेला मानला जाणारा हृदयविकार किंवा मूत्रपिंडांचा विकारही त्याच सदरात घालता येई. मधुमेह अनेकांना वर्षानुवर्षे लक्षणांवाचून असतो. तेव्हा तो नेमका केव्हा सुरू झाला आणि विमेदाराला तो ठाऊक होता काय, यांवर वाद होत. मधुमेह व मूत्रपिंडविकार प्रस्तावपत्रात न कळविल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये विमाकंपनीचा नकार ग्राह्य धरला. उलटपक्षी, मधुमेह आधीच कळविलेला असताना तो जाणून विमापत्र देणाऱ्या कंपनीला पुढे तेच कारण दाखवून दावा नाकारता येत नाही, असा निर्णय त्याच न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला. दोन्ही निर्णयांचा व्यावहारिक अर्थ एकच : आजार लपविणे विमेदाराच्याच अंगावर येते.

विमा नियामक प्राधिकरणाने २००९ पासून वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत प्रवेश देणे कंपन्यांना बंधनकारक केले व २०१३ च्या विनियमांनी आजीव नूतनीकरणाची हमी दिली. पूर्वव्याधीसाठीचा प्रतीक्षाकाल चार वर्षांपर्यंत असे. १ एप्रिल २०२४ पासून तो कमाल तीन वर्षांवर आला. प्रवेशाची ६५ वर्षांची मर्यादाही त्याच वेळी गेली. सत्तरीच्या माणसाला तीन वर्षे हा काळही थोडा नव्हे. हप्ता हा खरा अडसर राहिला. ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करण्यापूर्वी प्राधिकरणाशी विचारविनिमय करण्याचे बंधन जानेवारी २०२५ मध्ये आले आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला.

ग्रामीण महाराष्ट्रात मात्र बदल घडला तो राज्याच्या योजनेमुळे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेत हप्ता शासन भरत असे. वयाची मर्यादा नव्हती आणि पूर्वव्याधी पहिल्या दिवसापासून संरक्षित होती. पिवळी व केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळत. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत ती सुरू झाली; त्यांत सोलापूर होते, पुणे नव्हते. इंदापूर तालुक्यातील डाळज ही पुणे–सोलापूर महामार्गावरील क्र. १, २ व ३ अशी तीन गावे आहेत. या भागातील उजनी जलाशयाच्या पलीकडे सोलापूर जिल्ह्याचा करमाळा तालुका लागतो. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी उर्वरित जिल्ह्यांत विस्तार होईपर्यंत, म्हणजे सोळा महिन्यांहून अधिक काळ, डायालिसिसची गरज असलेल्या मधुमेह्याला पैलतीरी जे संरक्षण होते ते ऐलतीरी नव्हते. योजनेला २०१७ मध्ये महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने मर्यादा पाच लाखांवर नेऊन उत्पन्नाची अट काढली.

ही रक्कम व्यक्तीची नसून कुटुंबाची असते. एकत्र कुटुंबात वृद्धाच्या पायावरील शस्त्रक्रियेने ती संपली, तर इतरांस त्या वर्षी काही उरत नाही. म्हणून घरातील वृद्ध स्वतःच मागे राहतो, हे सहज संभवते. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेने २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, पाच लाखांचे संरक्षण दिले. आधीच लाभार्थी असलेल्या कुटुंबांतील अशा वृद्धांसाठी ते वेगळे व अधिकचे आहे.

असे असले, तरी या योजना मुख्यत्वे रुग्णालयातील खाटेभोवती रचलेल्या आहेत. पायाचा कोथ, हृदयरोहिणीतील अडथळा, निकामी मूत्रपिंडे यांवर खर्च मिळतो. ते टाळणाऱ्या गोळ्या, इन्शुलीन व रक्तशर्करेची तपासणी यांवर सहसा मिळत नाही. हा दोष भारतापुरता नाही. अमेरिकेतील वृद्धांच्या ‘मेडिकेअर’ योजनेचा कायदा १९६५ चा, पण घरी घ्यावयाच्या औषधांचा सार्वत्रिक लाभ तीत २००६ मध्ये आला आणि इन्शुलीनसाठी महिन्याला ३५ डॉलर ही मर्यादा २०२३ मध्ये. इंग्लंडमध्ये औषधे घेणाऱ्या मधुमेह्याला ती विनाशुल्क मिळतात. भारतात हे काम विम्याने नव्हे, तर सार्वजनिक आरोग्यसेवेने उचलले आहे. २०१० च्या राष्ट्रीय कार्यक्रमापासून असंसर्गजन्य रोगांची तपासणी सरकारी केंद्रांतून होऊ लागली व १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले. डाळजसारख्या गावातील वृद्धाला रोजची गोळी मिळते ती या मार्गाने. केंद्रात ती शिल्लक नसेल, तर औषधाच्या दुकानातून, स्वतःच्या पैशाने.