औटकी, नवे पैसे आणि टॉवेलचा ताणा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल आणि चादरी विणणारे कारखाने आहेत. तेथे मागावर काम करणाऱ्या एका परिचिताच्या घरी आम्ही बसलो असता नववीतल्या मुलाने गणिताची वही भिरकावली व विचारले, "ह्याचा उपयोग काय?" वडील काहीच बोलले नाहीत. आम्हालाही चटकन उत्तर सुचले नाही. मुलाचा त्रागा उद्धटपणाचा नव्हता. नापास होण्याची भीती त्यामागे होती.

आपल्या पणजोबांना हा प्रश्न फारसा पडला नसावा. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी घोकून घेत. औट म्हणजे साडेतीन. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. अशा हिशेबात अपूर्णांक पावलोपावली भेटत. दहा आणे वाराचे कापड साडेतीन वार घेतले, तर 'औट दाहे पस्तीस' म्हणताच दोन रुपये तीन आणे तोंडी येत. शाळेत सकाळी घोकलेले संध्याकाळी बाजारात कामी येई. अर्थात त्या शाळेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. छडीच्या धाकाने पाठ झालेले किती जणांना उमगले, हा प्रश्नच आहे. शिवाय पुष्कळांच्या मुलांना तिचे दारही बंद होते.

1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ शेर, मण व वार जाऊन किलो व मीटर आले. औटकीचे काम संपले. मुलांची एका मोठ्या घोकंपट्टीतून सुटका झाली, हे चांगलेच झाले. परंतु बाजार आणि पाटी यांना जोडणारा धागा त्याच वेळी तुटला व तो पुन्हा जोडण्याची घाई कोणी केली नाही. सत्तरच्या दशकात नवगणित आले, संच आले. 1975 साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. गणित शिकणाऱ्यांची संख्या वाढली, ही मोठीच गोष्ट होय. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना मुलांच्या वहीतले काही कळेनासे झाले.

आणि तरीही त्या वडिलांचा सारा दिवस गणितातच जातो! सुताचा नंबर कसा ठरतो? 840 वारांची एक लड. एका पौंडात अशा जितक्या लडी बसतील, तितका त्या सुताचा नंबर. वीस नंबरी सूत पौंडाला 16,800 वार. नंबर वाढला की सूत बारीक. म्हणजे व्यस्त प्रमाणच. (वार कापडाच्या दुकानातून गेला, सुताच्या नंबरात मात्र टिकून आहे.) टॉवेलच्या मागाला ताण्याचे दोन बीम असतात, एक तळाचा, दुसरा फासांचा. तीन आडवे धागे पडले की फणी ते एकदम पुढे ठोकते आणि फास उभा राहतो. एक मीटर टॉवेलला फासांचा ताणा चार मीटर लागत असेल, तर शंभर मीटरला किती? हे त्रैराशिक चुकले तर एक बीम संपतो, दुसरा उरतो, आणि नुकसान होते.

नक्षीचीही तीच कथा. फ्रान्समधील लियाँ शहरात जाकार्ड याने 1804 च्या सुमारास पुठ्ठ्याच्या भोकांनी मागाला नक्षी शिकवली: भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली. 1830 च्या दशकात इंग्लंडच्या बॅबेजने तीच युक्ती आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली आणि 1890 मध्ये अमेरिकेची जनगणना भोके पाडलेल्या पत्त्यांवर मोजली गेली. संगणकाच्या वंशावळीत असा एक माग आहे.

आम्ही मुलाला एवढेच म्हटले, की सुताच्या नंबराचे बाबांना विचार. वडील आधी संकोचले. मग त्यांनी भिरकावलेली वही उचलली, कोऱ्या पानावर 840 लिहिले आणि त्याखाली वीसने गुणू लागले. मुलगा म्हणाला, "पण हे आमच्या पुस्तकात नाही."