बोल्होबांच्या घरचा हिशेब

मुलांना आधी देवधर्म शिकवावा की पैशाचा हिशेब, असा वाद निघाला की मला देहूचे मोरे घराणे आठवते. तुकोबांच्या घरी पिढ्यान् पिढ्या पंढरीची वारी होती, विठ्ठलाचे देऊळ होते आणि महाजनकीही होती. थोरले सावजी पडले विरक्त. म्हणून वडील बोल्होबांनी तुकोबांना वयाच्या १३ व्या वर्षीच जवळ बसवून देण्याघेण्याचा व्यवहार समजावला, असे जुनी चरित्रे सांगतात. आपल्याकडे त्या वयाच्या मुलाला आपण पसाभर दाणे आणायलासुद्धा धाडीत नाही!

पुढे १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात व्यापार बुडाला. कुळांकडच्या येण्याची कर्जखते तेवढी राहिली. ती तुकोबांनी इंद्रायणीत सोडली, एवढेच आपण कीर्तनात ऐकतो. पण भगिनींनो, त्याआधी त्यांची वाटणी झाली होती. धाकट्या कान्होबांचा अर्धा हिस्सा त्यांच्या हाती दिला. बुडविला तो फक्त स्वतःचा. देवाच्या नावानेसुद्धा भावाच्या पैशाला हात लावला नाही. हे वळण मला तरी बोल्होबांनी लावलेले वाटते.

आणि जिजाई? पुण्याच्या गुळव्यांची ती लेक. खते नदीत गेली तरी दुसऱ्या दिवशी चूल तिलाच पेटवायची होती.