विपेहोल्मचा दंतक्षय-अभ्यास आणि विशेष गरजा असलेली मुले : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

दोन जेवणांच्या मधल्या वेळेत वारंवार खाल्लेला चिकट गोड पदार्थ दातांना सर्वाधिक घातक असतो, हे आज शालेय आरोग्य-तपासणीत लहान मुलांनाही सांगितले जाते. भारतातील दंतवैद्यक महाविद्यालयांत हे तत्त्व ज्या अभ्यासाच्या आधारे शिकविले जाते, तो स्वीडनमधील लुंड येथील विपेहोल्म रुग्णालयात १९४५ पासून झाला. परीक्षेसाठी त्याचा निष्कर्ष पाठ केला जातो. परंतु तो निष्कर्ष कोणाच्या दातांवर सिद्ध झाला आणि त्याचा लाभ प्रथम कोणास मिळाला, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयास हवेत. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार केला आहे.

प्रयोगाची पार्श्वभूमी

१९३० च्या दशकात स्वीडनमध्ये दंतक्षय हा जवळजवळ सार्वत्रिक आजार होता. १९३८ मध्ये तेथील संसदेने सार्वजनिक दंतसेवेची योजना मंजूर केली. तथापि किडलेले दात भरत राहण्यास दंतवैद्यांची संख्या अपुरी पडणार, हे लवकरच लक्षात आले. तेव्हा प्रतिबंधाचा शास्त्रीय मार्ग शोधण्याचे काम शासनाच्या वैद्यकीय मंडळाने हाती घेतले आणि त्यासाठी विपेहोल्मची निवड झाली.

१९३५ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत ज्यांना त्या काळच्या परिभाषेत ‘शिकविण्यास अयोग्य’ ठरविले जाई, अशा तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती ठेवल्या जात. प्रयोगातील व्यक्ती मुख्यतः प्रौढ होत्या. पण त्यांना दिलेले हे विशेषण मूळचे शाळेच्या जगातील, मुलांची वर्गवारी करणारे होते, ही बाब विसरता येत नाही. शिक्षणव्यवस्थेने ज्यांना दाराबाहेर ठेवले, ते संशोधनास मात्र योग्य ठरले. याचे कारण व्यावहारिक होते. त्यांचा मुक्काम दीर्घकाळचा होता, त्यांच्या ताटात काय पडते यावर संस्थेचे पूर्ण नियंत्रण होते, आणि ‘नको’ म्हणण्याचा अधिकार त्यांना असू शकतो, ही कल्पनाच त्या व्यवस्थेत नव्हती.

टॉफीचे गट

पहिल्या टप्प्यात, म्हणजे १९४५ ते १९४७ या काळात, कमी साखरेच्या आहारासोबत जीवनसत्त्वे, खनिजे इत्यादींचा परिणाम पाहिला गेला. त्यातून फारसे हाती लागले नाही. १९४७ मध्ये प्रयोगाने वळण घेतले आणि साखर हाच विषय झाला. रुग्णांचे गट पाडण्यात आले. कोणाला जेवणाबरोबर साखरेचे द्रावण, कोणाला गोड पाव, कोणाला जेवणांच्या मधल्या वेळेत चॉकलेट वा कॅरॅमल. काही गटांना दिवसाला ८, तर काहींना २४ टॉफी देण्यात आल्या. या टॉफी दातांना दीर्घकाळ चिकटून राहतील अशा होत्या. साखर व मिठाई उद्योगाने प्रयोगास पैसा आणि माल दोन्ही पुरविले.

परिणाम निःसंदिग्ध होता. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने दंतक्षय अल्प प्रमाणात वाढला. मधल्या वेळेतील चिकट टॉफीने मात्र तो झपाट्याने वाढला, आणि टॉफी बंद करताच त्याचा वेग उतरला. म्हणजे साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि तोंडात किती काळ राहिली, हे अधिक महत्त्वाचे. साखरेपासून जीवाणू आम्ल तयार करतात. ते निवळण्यास लाळेला काही वेळ लागतो. तेवढ्यात दुसरी टॉफी आली की दाताच्या बाह्य आवरणावर पुन्हा आम्लाचा हल्ला होतो. ४३६ व्यक्तींच्या पाच वर्षांच्या निरीक्षणावर आधारलेला अहवाल १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. उद्योगाला हा निष्कर्ष रुचण्यासारखा नव्हता. प्रयोगातील अनेकांच्या दातांची झालेली हानी मात्र कायमची होती. दंतक्षयाचा वेग उतरला तरी गेलेला दात परत येत नाही.

संमतीचा प्रश्न

येथे कालगणनेकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. नाझी डॉक्टरांवरील खटल्याचा न्युरेंबर्ग येथील निकाल ऑगस्ट १९४७ मध्ये लागला आणि मानवी प्रयोगासाठी स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य असल्याचे सूत्र त्यातून जगापुढे आले. साखरेचा टप्पा सुरू झाला तो त्याच वर्षी, एका लोकशाही व कल्याणकारी राज्यात, शासनाच्या पुढाकाराने. विपेहोल्मच्या रुग्णांना काही समजावून सांगण्यात आले नाही. त्यांच्या नातेवाइकांचीही अनुमती घेतली गेली नाही. संशोधकांचा हेतू सार्वजनिक हिताचा होता, हे मान्य करावेच लागते. त्यांना क्रूर ठरविणे सोपे आहे, पण त्याने इतिहास समजत नाही. अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, सज्जन व कर्तव्यदक्ष माणसांना येथे प्रश्नच दिसला नाही. या प्रयोगात सहभागी असलेले बो क्रासे यांनी २००१ मध्ये त्याविषयीच्या आठवणी आणि चिंतन प्रसिद्ध केले. एलिन बोमेनेल यांचा या प्रयोगाचा इतिहास मांडणारा प्रबंध २००६ मध्ये लिंशॉपिंग विद्यापीठातून प्रसिद्ध झाला. म्हणजे निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत गेल्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने त्याची किंमत मोजण्यास सुरुवात झाली.

ज्ञानाचा उलटा प्रवास

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वीडिश शासनाने पालकांना सल्ला दिला : मुलांना मिठाई रोज न देता आठवड्यातून एकदाच द्यावी. ‘शनिवारची मिठाई’ ही तेथील घराघरांत रुळलेली प्रथा यातून दृढ झाली. सर्वसाधारण मुलांचे दात त्यामुळे राखले गेले. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या बाबतीत या तत्त्वाचा उपयोग फार उशिरा लक्षात घेतला गेला, आणि विपर्यास असा की त्याची गरज त्यांना अधिक होती.

अपस्मार किंवा अन्य दीर्घ आजार असलेल्या मुलास दिवसातून दोन-तीनदा, पुष्कळदा झोपण्यापूर्वी, साखरेच्या पाकातील औषध द्यावे लागते. १९७९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट्सद्वयांच्या अभ्यासाने अशी औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या मुलांमध्ये दंतक्षय अधिक असल्याचे दाखवून दिले. मेंदूच्या पक्षाघाताने बाधित मुलाच्या गालात अन्नाचा घास रेंगाळतो. जीभ तो पुढे सरकवू शकत नाही. हाताची पकड कमकुवत असल्यास ब्रश दुसऱ्याने फिरवावा लागतो, आणि तो फिरविण्याचे तंत्र आईला शिकविणारे कोणी नसते. फेनिटॉइनसारख्या औषधाने हिरड्या वाढतात. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत हिरड्यांचा आजार लवकर व तीव्र स्वरूपात दिसतो. शिवाय चांगल्या वर्तनाचे बक्षीस म्हणून अशा मुलाच्या हातावर गोळी वा चॉकलेट ठेवण्याची सवय पालकांप्रमाणेच प्रशिक्षकांनाही असते. प्रत्येक योग्य प्रतिसादाला एक गोड तुकडा, म्हणजे दातांच्या दृष्टीने विपेहोल्मचा टॉफी-गटच.

स्वीडनने १९९९ च्या दंतसेवा-सुधारणेत दीर्घकालीन अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या आवश्यक दंतोपचारांस वैद्यकीय सेवेच्या शुल्करचनेत आणले. भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ६ नुसार दिव्यांग व्यक्तीवर कोणतेही संशोधन करण्यापूर्वी तिला समजेल अशा माध्यमातून मिळविलेली मुक्त व माहितीपूर्ण संमती आणि संशोधनविषयक समितीची पूर्वपरवानगी, या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. त्या समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग अथवा दिव्यांगांच्या नोंदणीकृत संघटनांचे प्रतिनिधी असावेत, अशीही तरतूद आहे. विशेष शाळांत दंततपासणी शिबिरे घेऊन त्यांतील नोंदी शोधनिबंधासाठी वापरणाऱ्या महाविद्यालयांना हे कलम थेट लागू पडते. शिबिराच्या अखेरीस मुलांना खाऊ म्हणून काय वाटले जाते, हेही त्यांनी पाहावयास हरकत नाही.