संग्राह्य मोटारींचे टायर : वयोमान आणि सुरक्षितता

संग्रहासाठी बाळगलेल्या आणि वर्षाकाठी फार थोडी धावणाऱ्या मोटारीचे टायर झिजून निकामी होत नाहीत, वयाने होतात. टायरचे आयुष्य किलोमीटरमध्ये मोजण्याची सवय रोज वापरातल्या गाड्यांनी लावलेली आहे. तिथे टायर आधी गोटा होतो आणि रबराला म्हातारपण यायच्या आतच बदलला जातो, त्यामुळे नक्षीची खोली पाहणारा मालक नकळत वयही सांभाळत असतो. गॅरेजात झाकून ठेवलेल्या मोटारीत हा क्रम उलटतो. नक्षी कोरी करकरीत राहते, आतले रबर मात्र दरवर्षी थोडे थोडे खचत जाते. म्हणून अशा मोटारीचा टायर कधी बदलायचा हे नक्षीवरून ठरवू नये, त्याच्या बाजूवर उमटवलेल्या उत्पादनाच्या तारखेवरून ठरवावे. या मोटारींच्या संग्राहकांत हे मत अजून सर्वमान्य नाही. त्यामागचे पुरावे आणि त्यावरचे आक्षेप दोन्ही तपासण्याजोगे आहेत.

कच्च्या रबराला टिकाऊपणा येतो तो व्हल्कनीकरणाने. चार्ल्स गुडइयर यांना 1839 मध्ये सापडलेल्या या प्रक्रियेत गंधक रबराच्या लांब रेणूसाखळ्यांना एकमेकींशी बांधतो. टायर साच्यातून बाहेर पडला म्हणून ही रासायनिक घडामोड संपत नाही. उष्णता आणि ऑक्सिजन यांमुळे नवे बंध जुळत राहतात, काही साखळ्या तुटतात, आणि रबर हळूहळू कडक व ठिसूळ होते. बाहेरच्या अंगाला हवेतला ओझोन ताणलेल्या पृष्ठभागावर काम करतो. बाजूच्या भिंतीवर दिसणाऱ्या बारीक भेगा त्याच्याच. परंतु खरी घातक बाजू आतली आहे. टायरमध्ये दाबाने भरलेल्या हवेतला ऑक्सिजन आतल्या अस्तरातून अतिशय सावकाश बाहेर झिरपतो आणि वाटेत पोलादी तारांच्या पट्ट्यांमधल्या रबरापर्यंत पोचतो. रेडियल टायर धावताना या पट्ट्यांच्या कडांवर सर्वाधिक ताण पडतो. तिथले रबर ठिसूळ झाले की सूक्ष्म चीर पडते, प्रत्येक फेऱ्यात वाढते, वेगाने उष्णता चढली की आणखी वाढते, आणि शेवटी पट्टा नक्षीसकट सुटून येतो. हे सगळे घडत असताना बाहेरून पाहणाऱ्याला बहुधा काहीच दिसत नाही. म्हणूनच ‘भेगा नाहीत, तेव्हा टायर चांगला’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. भेग असणे हा दोषाचा पुरावा आहे, भेग नसणे हा निर्दोषपणाचा पुरावा नाही.

उभ्या गाडीबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ओझोनला अडवण्यासाठी रबरात मेण आणि रक्षक रसायने मिसळलेली असतात. टायर फिरताना वाकतो, सैलावतो, आणि त्या हालचालीने ही द्रव्ये पृष्ठभागाकडे येत राहतात. गाडी महिनोन् महिने हललीच नाही तर हा पुरवठा मंदावतो. न वापरल्याने टायर जपला जातो ही समजूत इथे उलटी पडते.

वयाचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला तो अमेरिकेत. ऑगस्ट 2000 मध्ये फायरस्टोन कंपनीने मुख्यतः फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरचे सुमारे 65 लाख टायर परत मागवले. नक्षी सुटून झालेल्या अपघातांशी पुढे 250 हून अधिक मृत्यूंचा संबंध जोडला गेला. त्या टायरांमध्ये बनावटीचा दोष होता, त्यामुळे ते प्रकरण निव्वळ वयाचे म्हणता येत नाही. तरी उष्ण राज्यांत घटना अधिक घडल्या, ही बाब अभ्यासकांच्या नजरेतून सुटली नाही. पुढे अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्ससारख्या उष्ण शहरातून वापरलेले टायर गोळा करून तपासले. वयाबरोबर पट्ट्यांमधल्या रबराची पकड घटत जाते हे त्यात दिसलेच, शिवाय रस्त्याला फारशा न लागलेल्या, नुसत्या हवा भरून ठेवलेल्या स्टेपन्यांच्या रबरातही ऱ्हास आढळला. आपल्या विषयासाठी याहून नेमका पुरावा मिळणे कठीण, कारण संग्रहातल्या मोटारीचे चारही टायर व्यवहारात स्टेपनीसारखेच जगतात. याच प्रशासनाने 2007 च्या अहवालात एका विमा कंपनीची आकडेवारी दिली. टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि अ‍ॅरिझोना या पाच राज्यांत कंपनीचे 27 टक्के विमाधारक होते, पण टायरसंबंधीचे 77 टक्के दावे तिथून आले, आणि त्यांतले 84 टक्के सहा वर्षांहून जुन्या टायरांचे होते. हे आकडे जपून वाचावेत. रस्त्यावरच्या एकूण टायरांपैकी किती सहा वर्षांपुढचे होते हे त्यांतून कळत नाही. मात्र उष्णता आणि वय यांची जोडी त्यांत स्पष्ट आहे, आणि रसायनशास्त्र जे सांगते त्याच्याशी ती जुळते: तापमान दहा अंश सेल्सियसने वाढले की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप खुद्द या संशोधनाच्याच शेवटातून निघतो. 2014 मध्ये त्याच प्रशासनाने हलक्या वाहनांच्या टायरांसाठी वयाचे वेगळे मानक सध्या आवश्यक नाही असे ठरवले. मग संग्राहकाने काळजी का करावी? उत्तर त्या निर्णयाच्या कारणांत आहे. नव्या टायरांसाठी टिकाऊपणाच्या आणि कमी हवेवर चालवण्याच्या कडक चाचण्या लागू झाल्या होत्या, नव्या गाड्यांत हवेचा दाब घटताच इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली होती, आणि टायरमुळे होणारे अपघात कमी झाले होते. या दोन्ही सुधारणांपैकी एकही 1965 च्या जॅग्वारला किंवा 1958 च्या फियाटला लाभलेली नाही. दाबाचा इशारा तर नाहीच. शिवाय उभ्या गाडीच्या टायरांतली हवा आठवड्यागणिक उतरते आणि रॅलीच्या सकाळी घाईत गाडी बाहेर निघते. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो, आणि तो तापण्याचा ताण नेमका म्हाताऱ्या रबरावर येतो. सर्वसाधारण ताफ्यासाठी दिलेला दिलासा अपवादात्मक गाडीला लावणे ही तर्कातली चूक आहे.

वय वाढल्याने टायर फुटतोच असे नाही. अनेकदा तो फक्त पकड गमावतो, आणि तेही तितकेच गंभीर असते. 30 नोव्हेंबर 2013 रोजी कॅलिफोर्नियातील सांता क्लॅरिटा येथे 2005 च्या पोर्श कॅरेरा जीटी गाडीला झालेल्या अपघातात अभिनेते पॉल वॉकर आणि गाडीचे चालक यांचा मृत्यू झाला. ताशी 45 मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी 80 ते 93 मैलांच्या वेगात होती, आणि तपासाने अतिवेग हेच कारण ठरवले. त्याबरोबर टायर नऊ वर्षांचे होते आणि त्याचा गाडीच्या हाताळणीवर परिणाम झाला असू शकतो, अशीही नोंद झाली. या दुर्घटनेचे खापर टायरवर फोडणे अन्यायाचे होईल. पण सहाशेहून अधिक अश्वशक्तीची, घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नसलेली ही गाडी रस्त्याला फक्त चार टायरांनी धरलेली असते, आणि त्या टायरांचे महत्त्व पुढे उलट बाजूनेही दिसले. 2024 मध्ये नव्या मिशेलिन टायरांवर याच प्रकारच्या गाडीने न्यूर्बुर्गरिंग या शर्यतमार्गाच्या उत्तर फेरीत सुमारे वीस वर्षांपूर्वीच्या आपल्याच वेळेपेक्षा 16 सेकंद वाचवले. चालक वेगळा होता, हे मान्य. तरी फरक इतका मोठा आहे की श्रेयाचा बराच वाटा टायरांकडे जातो.

‘आमची गाडी हळूच चालते’ हा आक्षेप प्रत्येक मेळाव्यात ऐकू येतो. हळू चालवल्याने पट्टा सुटण्याचा धोका कमी होतो हे खरे आहे. पण कडक झालेले रबर ओल्या रस्त्यावर कमी धरते, आणि समोर अचानक माणूस आला तर थांबण्याचे अंतर हळू चालणाऱ्यालाही लागतेच. त्यात जुन्या गाडीला बहुधा चाके जाम होऊ न देणारे ब्रेक नसतात. थंड, अंधाऱ्या जागेत ठेवलेले टायर अधिक टिकतात हा युक्तिवादही अर्धाच खरा. हवा काढून, रिमशिवाय, उजेडापासून दूर साठवलेला टायर सावकाश म्हातारा होतो. हवा भरून गाडीचे वजन पेलत उभा असलेला टायर त्या सवलतीचा धनी नाही, आणि मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छताखाली तर नाहीच. टायर कंपन्या वयाची मर्यादा विक्रीसाठी सांगतात, हा संशयही तपासून पाहिला तर फार टिकत नाही. मिशेलिनसारखी कंपनी पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि जास्तीत जास्त दहा वर्षांनी बदल सुचवते, तर काही वाहननिर्माते सहाच वर्षे सांगतात. म्हणजे टायर विकणारा जास्त उदार आहे.

अस्सलपणाचा आक्षेप अधिक हळवा आहे आणि त्याला मान द्यायला हवा. रुंद पांढरी कड, जुनी नक्षी, नायलॉन (बायस-प्लाय) टायरची उंच बांधणी यांशिवाय पन्नासच्या दशकातली गाडी ओळखू येत नाही. सुदैवाने हा पेच आता बराच सुटला आहे. अमेरिकेतील चॅटानूगाची कोकर टायर, पिरेलीची ‘कोलेझिओने’ मालिका आणि मिशेलिनचे जुन्या गाड्यांसाठीचे टायर जुन्या नक्षीत, जुन्या मापात नवे रबर देतात. कारखान्यातून आलेले मूळ टायर प्रदर्शनासाठी वेगळ्या रिमांवर जपून, रस्त्यासाठी दुसरा संच वापरणे हा चांगला मार्ग आहे. मात्र नायलॉनच्या जागी रेडियल बसवताना रिम तो भार सोसेल का, हे कारागिराकडून तपासून घ्यावे, आणि दोन्ही प्रकार एका आसावर कधीही मिसळू नयेत.

कायदा या बाबतीत संग्राहकाला फारसा हात देत नाही. ब्रिटनमध्ये 2012 साली सरे परगण्यात एका प्रवासी बसचा पुढचा टायर फुटून तिघांचा मृत्यू झाला. तो टायर 19 वर्षांहून जुना होता, आणि त्या वेळच्या कायद्यात वयाची मर्यादाच नव्हती. मृतांपैकी एका तरुणाच्या आईने चिकाटीने चालवलेल्या मोहिमेनंतर 1 फेब्रुवारी 2021 पासून दहा वर्षांहून जुने टायर मालमोटारी आणि बस यांच्या पुढच्या आसावर, तसेच मिनीबसच्या सर्व एकेरी चाकांवर निषिद्ध झाले. खासगी मोटारी या बंदीच्या बाहेर राहिल्या. भारतात जुलै 2021 च्या नियमांनी 50 वर्षांहून जुन्या मोटारींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली आणि त्यांचा वापर प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यापुरताच मर्यादित केला. वारशाची कदर म्हणून हे पाऊल स्वागतार्ह आहे, पण त्याचा एक परिणाम असा की या गाड्या आता नियमानेच क्वचित धावतील. त्यांची नक्षी कधीच संपणार नाही, आणि मालकाला टायर बदलण्याची आठवण करून देणारे दुसरे काहीच उरणार नाही.

तारीख वाचणे मात्र सोपे आहे. बाजूच्या भिंतीवरील सांकेतिक ओळीच्या शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. 2000 पूर्वीच्या टायरांवर तीनच अंक असत, त्यामुळे तीन अंकांचा टायर दिसला तर तो पाव शतकापेक्षा जुना आहे आणि रस्त्यासाठी बाद आहे, मग तो कितीही देखणा असो. पूर्ण आकडा पुष्कळदा एकाच बाजूला उमटवलेला असतो आणि ती बाजू गाडीच्या आत वळलेली असू शकते. अशा वेळी गाडी जॅकवर चढवून पाहावे. खरेदीच्या वेळी दुकानातही हाच आकडा विचारावा, कारण दुर्मिळ मापांचे टायर गोदामात वर्षे काढून येतात. सहाव्या वर्षापासून दर हंगामापूर्वी चाक उतरवून जाणकाराकडून तपासणी आणि दहाव्या वर्षी बदल, ही मर्यादा इथे रास्त वाटते; सतत उष्ण जागी उभ्या असणाऱ्या किंवा वेगवान गाडीसाठी बदलही सहाव्या वर्षीच करावा. तोच हिशेब ट्यूबला आणि डिकीतल्या स्टेपनीलाही लावावा. चार नवे टायर घालून पाचवा तीस वर्षांपूर्वीचा ठेवलेल्या गाड्या पुष्कळ असतात, आणि तो पाचवा वापरायची वेळ नेमकी घरापासून दूर, भर महामार्गावर येते.