अस्सल गिटारची पारख: इलेक्ट्रिक गिटारच्या नकलांचा इतिहास

इलेक्ट्रिक गिटारची नक्कल दोन तऱ्हांची असते. पहिल्या तऱ्हेत आकार दुसऱ्या कंपनीचा, पण नाव स्वतःचे असते. हिला धंद्यात 'कॉपी' म्हणतात आणि ती उघडपणे विकली जाते. दुसऱ्या तऱ्हेत नावही उचललेले असते, ती बनावट. सेकंडहँड गिटार घेणाऱ्याला भीती असते ती दुसरीची. हा भेद सुमारे पाऊण शतकात घडत गेला, आणि प्रत्येक काळाने नकलेबरोबर ती ओळखण्याच्या खुणाही मागे ठेवल्या.

कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर याने १९५० साली ठोकळ्यासारख्या भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. मुळात रेडिओ दुरुस्ती करणाऱ्या या माणसाने तिची रचना दुरुस्तीच्या सोयीने केली होती. नेक गोंदाने न चिकटवता चार स्क्रूंनी बॉडीला जोडलेला असे. या गिटारचे 'ब्रॉडकास्टर' हे नाव ग्रेच कंपनीच्या ड्रमच्या नावाशी मिळतेजुळते निघाले. ग्रेचने हरकत घेताच फेंडरने १९५१ मध्ये नाव छापलेल्या पट्टीतला तेवढा भाग कापून टाकला आणि 'टेलिकास्टर' हे नाव ठरेपर्यंत काही महिने बिननावाच्या गिटारी विकल्या. या गिटारी पुढे 'नोकास्टर' म्हणून प्रसिद्ध झाल्या व संग्राहकांत महाग ठरल्या. स्क्रूंच्या जोडणीमुळे मात्र एका गिटारचा नेक दुसरीला बसवणे सहज शक्य झाले, आणि फेंडरच्या बाबतीतली पुष्कळशी लबाडी याच वाटेने आली.

मिशिगनमधील कॅलामझू येथील गिब्सन कंपनीने १९५२ साली 'लेस पॉल' ही गिटार काढली. महोगनीच्या बॉडीवर मेपलचा घुमटाकार थर, चिकटवलेला नेक आणि उघड्या पुस्तकासारख्या वरच्या कडेचा, मागे सुमारे १७ अंशांनी कललेला हेडस्टॉक ही तिची लक्षणे. १९५७ पासून तिच्यावर सेथ लव्हर याने तयार केलेले हमबकर पिकअप आले. पेटंटचा अर्ज विचाराधीन असल्याची चिठ्ठी त्यांच्या तळाला चिकटवलेली असे. १९५८ ते १९६० या काळात तांबूस-पिवळ्या 'सनबर्स्ट' रंगात निघालेल्या लेस पॉलला गिऱ्हाईक कमी मिळाले, म्हणून १९६१ मध्ये कंपनीने आकारच बदलला. पण साठीच्या दशकाच्या मध्यावर एरिक क्लॅप्टन, माइक ब्लूमफील्ड या वादकांच्या हातात ही गिटार दिसली आणि मागणी उसळली. १९६८ मध्ये कंपनीला जुना आकार पुन्हा आणावा लागला. एके काळी अडीचशे डॉलरच्या आसपास मिळणाऱ्या १९५९ च्या गिटारीला पुढे लाखो डॉलर मोजले जाऊ लागले. जुनेपणाला किंमत आली तशी बनावटगिरी परवडू लागली. साध्या सोनेरी गिटारींचा रंग खरवडून त्यांच्यावर सनबर्स्ट चढवण्यात आला, तर पिकअपच्या त्या चिमुकल्या चिठ्ठ्याही नव्याने छापल्या गेल्या.

सत्तरीच्या दशकात जपानी कारखाने पुढे आले. नागोयाच्या होशिनो गाक्कीची इबानेझ, कांडा शोकाईची ग्रेको, हमामात्सूची टोकाई या नावांनी लेस पॉल व फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या नकला निघू लागल्या. इबानेझ व ग्रेकोचे बरेच काम मात्सुमोतोच्या फुजीगेन कारखान्यात होई. फेंडर १९६५ मध्ये सीबीएसकडे गेली होती आणि गिब्सन पुढे नॉर्लिनच्या मालकीची झाली. या मोठ्या कंपन्यांच्या काळात मूळ मालाचा दर्जा घसरल्याची तक्रार वादक करत असताना जपानी माल सुधारत गेला. अखेर १९७७ मध्ये नॉर्लिनने इबानेझची अमेरिकेतील वितरक एल्जर हिच्यावर फिलाडेल्फियात दावा लावला. दाव्याचा विषय होता हेडस्टॉकचा आकार, आणि इबानेझने तो आधीच बदलायला घेतला होता. पुढच्या वर्षी तडजोड झाली. तरी त्या काळच्या सगळ्याच जपानी नकलांना आजही 'लॉसूट' (खटल्याच्या) गिटार म्हटले जाते. या कॉपी स्वतःच्या नावाने विकल्या गेल्या असल्याने त्या बनावट ठरत नाहीत. त्यांचे नाव घासून तिथे 'गिब्सन' चिकटवले, की मात्र त्या बनावट होतात.

बॉडीच्या आकारावरचा हक्क कंपन्यांना टिकवणे अवघड गेले. गिब्सनने पीआरएस कंपनीविरुद्ध केलेला दावा २००५ मध्ये अपिलात फेटाळला गेला. स्ट्रॅटोकास्टर व टेलिकास्टरचे आकार सर्वसामान्य झाले आहेत, असे सांगून २००९ मध्ये अमेरिकी ट्रेडमार्क मंडळाने फेंडरला नोंदणी नाकारली. त्यामुळे गिटारचा आकार हुबेहूब असणे हा अस्सलपणाचा पुरावा होऊ शकत नाही. पुरावा शोधायचा तो कारखान्याच्या सवयींत.

गिब्सनने १९७७ मध्ये आठ आकडी क्रमांक सुरू केला. त्यात पहिला व पाचवा आकडा वर्षाचा, दुसरा ते चौथा वर्षातल्या दिवसाचा आणि शेवटचे तीन त्या दिवसाच्या अनुक्रमाचे. ८२७६६५०१ हा क्रमांक असलेली गिटार १९८६ च्या २७६ व्या दिवशी, म्हणजे ३ ऑक्टोबरला तयार झालेली; ५०० पासूनचे अनुक्रम नॅशव्हिलच्या कारखान्याचे. याच पद्धतीच्या क्रमांकात दिवसाच्या जागी ४१२ निघाले तर पुढे बघण्याची गरजच उरत नाही. फेंडरच्या नेकचे स्क्रू काढले की टाचेवर पेन्सिलीने लिहिलेली किंवा शिक्क्याने उमटवलेली तारीख सापडते. आवाज कमी-जास्त करणाऱ्या आतल्या भागावर, म्हणजे व्हॉल्यूमच्या पॉटवरही आकडे असतात. १३७६६३३ मध्ये १३७ हा सीटीएस या उत्पादकाचा संकेत, ६६ म्हणजे १९६६ आणि ३३ हा आठवडा. पॉट घाऊक घेऊन वर्षानुवर्षे वापरले जात, म्हणून गिटार त्या आठवड्यानंतरची आहे एवढेच त्यावरून कळते. १९५९ ची म्हणून विकायला आलेल्या गिटारमध्ये असा पॉट निघाला, तर एक तर तो बदललेला आहे किंवा गिटारचे साल खोटे आहे. पॉटच्या तारांचा डाख मूळचा दिसतो की नंतर दिलेला, हे मग तपासावे लागते.

एकविसाव्या शतकात इंटरनेटवरून थेट चिनी बनावट माल येऊ लागला. वादक त्याला 'चिब्सन' म्हणतात. इथे जुनेपणाचा आव नसतो, चालू मॉडेलचेच सोंग असते. गिब्सनच्या ट्रस रॉडवरच्या झाकणाला दोन स्क्रू असतात, बनावटीत बहुधा तीन. अस्सल ब्रिजच्या खांबांवर बारीक चाके असतात, तर बनावटीत पेचकसाची खाच पडलेले जाड खांब. अनेक गिटारींवर एकच क्रमांक आढळतो. या धंद्याचा पसारा २०२४ मध्ये दिसला. लॉस एंजेलिस-लाँग बीच बंदरात तीन हजारांहून अधिक बनावट गिब्सन जप्त झाल्या. त्या खऱ्या असत्या तर त्यांची किंमत १ कोटी ८० लाख डॉलरहून जास्त झाली असती.

दरम्यान झीज हा पुरावाही कच्चा पडला. फेंडरने १९९५ पासून मुद्दाम घासलेल्या, गंज चढवलेल्या 'रेलिक' गिटारी स्वतःच विकायला काढल्या. तेव्हापासून पारखी रंगाच्या टवक्यांपेक्षा लॅकरकडे पाहतात. जुने नायट्रोसेल्युलोज लॅकर अतिनील दिव्याखाली हिरवट-पिवळे चमकते आणि नंतर रंगवलेला भाग वेगळा उठून दिसतो. यांतली कोणतीही एक खूण निर्णायक नसते, कारण सुटा भाग बदलता येतो आणि चिठ्ठी छापता येते. क्रमांक, नेकवरची तारीख, पॉट, डाख आणि लॅकर हे पाचही एकाच काळाकडे बोट दाखवत असतील, तरच गिटार अस्सल मानली जाते.