रुंबेकच्या लोरेटो भगिनी आणि शांतीचे शिक्षण

दक्षिण सुदान हे राष्ट्र ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाले. परंतु डिसेंबर २०१३ मध्येच तेथे यादवी युद्ध भडकले. २०१८ च्या शांती करारापर्यंत या युद्धाने सुमारे ४ लाख माणसांचा बळी घेतला, असा अंदाज आहे. करार झाला तरी जमातीजमातींमधील वैर शमले नाही. अशा भूमीत तरुण पिढीला अहिंसेची वाट दाखविणाऱ्या व्रतस्थ भगिनींमध्ये रुंबेक धर्मप्रांतातील लोरेटो भगिनींचा उल्लेख अगत्याने करावा लागतो.

मेरी वॉर्ड (१५८५-१६४५) यांच्या प्रेरणेतून उभा राहिलेला हा संघ भारतीय ख्रिस्तसभेला नवा नाही. आयर्लंडमधील लोरेटो भगिनी १८४१ साली कोलकात्यास आल्या. संत मदर तेरेसा याच संघात शिक्षिका होत्या आणि ऑगस्ट १९४६ च्या भीषण दंगलीत एंटाली येथील आपल्या विद्यार्थिनींसाठी अन्न शोधण्यास त्या रस्त्यावर उतरल्या होत्या.

रुंबेक येथे आयरिश धर्मभगिनी सिस्टर ऑर्ला ट्रेसी २००६ साली दाखल झाल्या. २००८ मध्ये तेथे मुलींची निवासी माध्यमिक शाळा सुरू झाली. पुढे प्राथमिक शाळा व आरोग्य केंद्राची जोड मिळाली.

शांतीचे शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भाषणे, भित्तिपत्रके आणि एखादी प्रभातफेरी येते. रुंबेकमध्ये प्रश्न याहून अवघड आहे. या परिसरातील डिंका समाजात गुरे हीच संपत्ती. विवाहात वरपक्षाने वधूच्या घरी गुरे द्यावयाची असतात. (आपल्याकडील वारली समाजातील ‘देज’ वाचकांना ठाऊक असेलच, येथे मात्र गुरांची संख्या कित्येक डझनांवर जाऊ शकते.) ज्या तरुणाकडे गुरे नाहीत, त्याचे लग्न अडते. मग दुसऱ्या कुळाच्या गोठ्यावर धाड पडते, माणसे मारली जातात आणि सूडाचे चक्र सुरू होते. बंदुका सहज मिळू लागल्यापासून हे चक्र अधिकच रक्तरंजित झाले आहे. बहिणीच्या लग्नात आलेल्या गुरांवर भावाचे लग्न होते. म्हणून कोवळ्या वयातच मुलींना उजविण्याची घाई केली जाते.

या साखळीची एक कडी भगिनींनी नेमकी हेरली. शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलीला लग्नासाठी शाळेतून नेणार नाही, असे लेखी वचन त्या प्रवेशाच्या वेळी पालकांकडून घेतात. सही झाली म्हणजे दबाव संपला, असे अर्थातच नाही. पण नकार देण्यास मुलीला आधार मिळतो. शिवाय वसतिगृहात निरनिराळ्या जमातींच्या मुली एकाच छताखाली राहतात, जेवतात, प्रार्थना करतात. माझ्या मते तेथील शांतीचा खरा धडा हाच आहे. या कार्यासाठी सिस्टर ऑर्ला यांना २०१९ साली अमेरिकेचा ‘आंतरराष्ट्रीय धैर्यशील महिला’ पुरस्कार देण्यात आला.

धोका मात्र कायम आहे. रुंबेकचे नियुक्त बिशप क्रिस्तियान कार्लासारे यांच्या पायांवर एप्रिल २०२१ मध्ये राहत्या घरी गोळ्या झाडण्यात आल्या. त्याच वर्षी १६ ऑगस्ट रोजी जुबा-निमुले रस्त्यावरील हल्ल्यात सिस्टर मेरी डॅनियल अबूद व सिस्टर रेजिना रोबा यांची हत्या झाली. सिस्टर मेरी यांनी जुबातील शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून सेवा केली होती. बिशप कार्लासारे बरे होऊन परतले आणि मार्च २०२२ मध्ये त्यांचा दीक्षाविधी झाला.

फेब्रुवारी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी आणि स्कॉटलंडच्या चर्चचे प्रमुख इयान ग्रीनशील्ड्स यांच्यासह जुबा येथे आले. त्यांच्या भेटीसाठी रुंबेकहून साठच्या आसपास यात्रेकरू, त्यांत बहुसंख्य तरुण-तरुणी, पायी निघाले. बिशप कार्लासारे आणि सिस्टर ऑर्ला त्यांच्यासमवेत चालत होते. ३०० किलोमीटरहून अधिक अंतराच्या या वाटचालीस नऊ दिवस लागले. पोप महोदयांच्या आगमनाच्या आदल्या दिवशी, २ फेब्रुवारीस, जुबाच्या दक्षिणेकडील काजो-केजी भागात गुरांवरून झालेल्या हिंसाचारात २७ जण ठार झाले. रुंबेकची ही मुले मात्र वेगवेगळ्या जमातींची असूनही एकाच रांगेत चालत राजधानीत पोहोचली.

२०२४ मध्ये बिशप कार्लासारे यांची नव्या बेंतिऊ धर्मप्रांतात नियुक्ती झाली.