पाठीवरील ओझ्याचा इतिहास : दीर्घ पल्ल्याच्या पदभ्रमणातील पाठपिशवीच्या निवडीचा एक अभ्यास

प्रस्तावना

प्रवासाचा इतिहास लिहिताना मार्ग, वाहने, नकाशे आणि प्रवाशांची वृत्ते यांची दखल घेतली जाते. प्रवाशाच्या पाठीवर काय होते आणि ते कसे बांधलेले होते, याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः पायी चालणाऱ्याची मर्यादा त्याच्या पायांइतकीच त्याच्या ओझ्याने ठरते. शेकडो मैल चालत जावयाचे असेल तर पाठपिशवीची निवड हा केवळ खरेदीचा प्रश्न राहत नाही. शरीर किती भार सोसू शकते, तो शरीराच्या कोणत्या भागाने सोसावा आणि मुळात कोणत्या वस्तूंवाचून चालू शकते, असे तीन प्रश्न त्या निवडीत एकवटलेले असतात.

या तीन प्रश्नांना निरनिराळ्या काळांत जी उत्तरे दिली गेली, त्यांचा प्रस्तुत निबंधात आढावा घेतला आहे. विवेचनाचा भर विसाव्या शतकातील अमेरिकेवर आहे. दीर्घ पल्ल्याच्या पायवाटा आखून त्या सलग चालण्याची प्रथा तेथे रुजली आणि आधुनिक पाठपिशवीची घडणही मुख्यतः त्याच वाटांच्या अनुषंगाने झाली.

१. प्राचीन साधने आणि शब्दांची साक्ष

सप्टेंबर १९९१ मध्ये ऑस्ट्रिया व इटली यांच्या सीमेवरील ओट्झताल आल्प्समध्ये हिमनदीत गोठलेले एक मानवी शव सापडले. ‘ओट्झी’ या नावाने ओळखला जाणारा हा पुरुष सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा आहे. त्याच्या साहित्यात हेझल वृक्षाची इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवलेली काठी आणि लाकडाच्या पट्ट्या मिळाल्या. बहुतेक अभ्यासक त्यांना पाठीवरील चौकटीचे अवशेष मानतात. बर्फावर चालण्याच्या पादुकेचा तो भाग असावा, असाही तर्क मांडला गेला आहे. पहिले मत ग्राह्य धरल्यास, ताठ चौकटीवर ओझे बांधून ते पाठीवर घेण्याची कल्पना किमान ताम्रपाषाणयुगाइतकी जुनी ठरते.

शब्दांचा इतिहासही उद्बोधक आहे. ‘रकसॅक’ हा शब्द जर्मन भाषेतील असून त्याचा अर्थ ‘पाठीवरची पिशवी’ असा आहे. सह्याद्रीत भटकणाऱ्या मराठी गिर्यारोहकांच्या तोंडी ‘सॅक’ आणि ‘हॅवरसॅक’ हे शब्द रुळलेले आहेत. त्यांपैकी दुसरा मूळच्या ‘हाफरझाक’ या जर्मन शब्दावरून फ्रेंच व इंग्रजी मार्गाने आला. ओट हे धान्य ठेवण्याची पिशवी, असा त्याचा मूळ अर्थ. घोड्याच्या दाण्याची पिशवी पुढे सैनिकाच्या शिध्याची झाली आणि अखेरीस हौशी पदयात्रिकाच्या खांद्यावर आली.

२. सैनिक, शिकारी आणि चौकटीचा पुनर्जन्म

एकोणिसाव्या शतकात पाठीवरील ओझ्याचा पद्धतशीर विचार प्रामुख्याने सैन्याने केला. अमेरिकी सेनेतील अधिकारी हेन्री मेरियम यांनी १८७८ मध्ये एका पाठपिशवीचे एकस्व मिळविले. तीत काठ्यांच्या साहाय्याने ओझ्याचा काही भाग खांद्यांवरून कमरेकडे उतरविण्याची योजना होती. ही रचना सार्वत्रिक झाली नाही. तथापि भार कमरेवर घ्यावा हा विचार पुढील शतकात अकस्मात उद्भवला नाही, एवढे तिच्यावरून स्पष्ट होते.

नॉर्वेमध्ये ओले एफ. बर्गन यांनी १९०८ च्या सुमारास पाठीच्या आकाराला अनुसरून वाकवलेली चौकट पिशवीला जोडली आणि १९०९ मध्ये तिचे एकस्व घेतले. पिशवी थेट पाठीला न टेकता चौकटीवर राहत असल्याने भार स्थिर राहिला आणि सामानाचे कोपरे पाठीत रुतणे थांबले. ब्रिटिश सैन्यात मोठ्या पाठपिशवीला आजही ‘बर्गन’ असेच म्हणतात.

अमेरिकेत लॉइड नेल्सन यांची ‘ट्रॅपर नेल्सन’ ही लाकडी चौकटीची पाठपिशवी १९२० च्या दशकात बाजारात आली आणि पुढील काही दशके वनरक्षक व शिकारी यांच्या वापरात राहिली. अलास्कातील मूळनिवासी लोकांच्या पाठीवरील चौकटीवरून त्यांना ही कल्पना सुचली होती. एकस्वाच्या कागदावर एका व्यक्तीचे नाव येते. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या वापरून ती वस्तू घडविली, त्याचे नाव तेथे येत नाही. साधनांच्या इतिहासाचे लेखन करताना ही बाब ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

३. लांब वाटा आणि दोन पदयात्रिक

बेंटन मकाय यांनी १९२१ मध्ये ॲपलाचियन पर्वतरांगेतून जाणाऱ्या सलग पायवाटेची कल्पना मांडली. ही वाट १९३७ मध्ये पूर्ण झाली. तिची लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. एकाच हंगामात ती संपूर्ण चालून जाणे शक्य आहे, असे मात्र प्रारंभी फारसे कोणाला वाटत नव्हते.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या अर्ल शेफर यांनी १९४८ मध्ये जॉर्जियापासून मेनपर्यंत ही वाट १२४ दिवसांत पार केली. या वाटेवरील सलग प्रवासाची ही पहिली नोंद मानली जाते. ज्या मित्रासह हा प्रवास करण्याचे त्यांनी योजिले होते, तो इवो जिमाच्या लढाईत मारला गेला होता. शेफर यांची पाठपिशवी लष्करी बनावटीची होती. युद्धाने दिलेले दुःख आणि युद्धाने दिलेले साधन, दोन्ही घेऊन ते चालले.

सात वर्षांनी, १९५५ मध्ये, एमा गेटवुड यांनी तीच वाट एकट्याने चालून पूर्ण केली. असे करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. त्यांचे वय तेव्हा ६७ वर्षे होते. त्यांनी ११ मुले वाढविली होती आणि पतीच्या मारहाणीला कंटाळून त्या पूर्वीच विभक्त झाल्या होत्या. त्यांच्यापाशी पाठपिशवी अशी नव्हतीच. जाड सुती कापडाची, घरी शिवलेली एक थैली त्या खांद्यावर टाकीत. थैलीत घोंगडी, पावसापासून रक्षणासाठी स्नानगृहातील प्लॅस्टिकचा पडदा आणि थोडे खाद्यपदार्थ असत. पायांत साधे कापडी बूट. एकूण ओझे ९ किलोहून कमी होते. १९५४ मधील त्यांचा पहिला प्रयत्न वाट चुकल्यामुळे अर्धवट सुटला होता. पुढे १९५७ मध्ये त्यांनी ही वाट पुन्हा पूर्ण केली. गेटवुड यांचे उदाहरण अपवादात्मक म्हणून बाजूला सारता येत नाही. चौकट, पट्टे आणि कप्पे नसतानाही केवळ ओझे कमी ठेवून लांबचा पल्ला गाठता येतो, हे त्यांनी कोणताही सिद्धान्त न मांडता दाखवून दिले.

४. केल्टी यांची पाठपिशवी : खांद्याकडून कमरेकडे

कॅलिफोर्नियातील सुतार डिक केल्टी यांनी १९५२ मध्ये पाठपिशव्या विकण्यास प्रारंभ केला. चौकट ते तयार करीत आणि पिशव्या त्यांच्या पत्नी निना घरी शिवीत. युद्धकाळात केल्टी विमानांच्या कारखान्यात काम करीत होते. त्यामुळे ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे गुण त्यांना परिचित होते. युद्धानंतर ॲल्युमिनियम व नायलॉन ही दोन्ही द्रव्ये सामान्य नागरिकास सुलभ झाली, हेही एक महत्त्वाचे कारण होय.

सिएरा नेवाडातील एका सहलीत चौकटीची खालची टोके पॅन्टच्या मागील खिशांत खोवली असता खांदे हलके झाल्याचे ध्यानात आले आणि त्यावरून कंबरपट्ट्याची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. कल्पना मेरियम यांच्या काळापासून अस्तित्वात असली तरी हलकी धातूची चौकट आणि मजबूत कापड यांची जोड तिला आता प्रथमच मिळाली. खांद्यांचे स्नायू लवकर थकतात. कमरेची हाडे मात्र पायांच्या हाडांशी थेट जोडलेली असल्याने भार सरळ जमिनीकडे जातो. लांब चालीसाठी हा फरक निर्णायक ठरला.

सोय वाढली तसे ओझेही वाढले. कॉलिन फ्लेचर यांच्या १९६८ मधील ‘द कम्प्लीट वॉकर’ या ग्रंथात सामानाची मांडणी भिंती, स्वयंपाकघर, शयनगृह अशा घराच्या रूपकातून केली आहे. पाठीवर घर बांधता येऊ लागल्यावर घरातील वस्तूही पाठीवर आल्या. बाह्य चौकटीचे दोषही दिसू लागले. दाट झाडीत ती फांद्यांत अडके आणि कड्यावर तोल बिघडवी. ग्रेग लो यांनी १९६७ मध्ये चौकट पिशवीच्या आत घेतली, त्यामुळे ओझे पाठीलगत आले. पुढील काळात हीच रचना सर्वत्र रूढ झाली.

५. भारवाहकांचा अनुल्लेख

१९६३ च्या अमेरिकी एव्हरेस्ट मोहिमेत केल्टी यांच्या पाठपिशव्या वापरल्या गेल्या आणि त्यांची कीर्ती वाढली. १ मे १९६३ रोजी जिम व्हिटेकर यांच्यासह नवांग गोम्बू शिखरावर पोहोचले. हेच गोम्बू १९६५ च्या, कॅप्टन एम. एस. कोहली यांच्या नेतृत्वाखालील भारतीय मोहिमेत पुन्हा शिखरावर गेले. मात्र या अमेरिकी मोहिमेचे सामान तळछावणीपर्यंत नेण्यासाठी सुमारे ९०० भारवाहक लागले होते. त्यांच्यासाठी पाठपिशवीच्या निवडीचा प्रश्नच नव्हता. ओझे दुसऱ्याने ठरविलेले होते.

नेपाळी भारवाहक ‘डोको’ नावाच्या वेताबांबूच्या करंडीत सामान भरतात आणि ‘नामलो’ हा पट्टा कपाळावरून, खरे तर माथ्याच्या पुढील भागावरून घेऊन भार पेलतात. या पद्धतीला दीर्घकाळ मागासलेली समजले गेले. २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नामचे येथील बाजाराकडे जाणाऱ्या भारवाहकांची पाहणी आढळते. पुरुषांचे सरासरी ओझे त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे ९० टक्के होते आणि ते वाहताना त्यांची ऊर्जा पाठपिशवीधारकांच्या तुलनेने कमी खर्च होत होती. त्याआधी १९८६ मध्ये ‘नेचर’मधील एका अभ्यासाने आफ्रिकी स्त्रिया शरीराच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचा भार डोक्यावरून जवळजवळ अतिरिक्त ऊर्जेशिवाय नेतात, असे दाखविले होते. चुंबळ आणि कावड यांशी परिचित असलेल्या भारतीय वाचकास या निष्कर्षांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. तथापि हे कौशल्य बालपणापासूनच्या सरावाने, बहुधा गरिबीच्या सक्तीने, अंगी येते. त्याचे कौतुक करताना त्यामागील कष्ट विसरणे योग्य होणार नाही.

६. हलकेपणाकडे

रे जार्डिन हे अंतरिक्ष क्षेत्रात काम केलेले अभियंता व गिर्यारोहक होते. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत जाणारी सुमारे ४,२७० किलोमीटरची वाट त्यांनी पत्नीसह एकाहून अधिक वेळा पार केली. १९९२ मधील आपल्या मार्गदर्शिकेत त्यांनी रूढ साधनांवर टीका केली. जड पिशवीसाठी जड चौकट, जड चौकटीसाठी जड बूट आणि या सर्वांसाठी अधिक अन्न, अशी साखळी तयार होते. ती पहिल्या दुव्यापाशीच तोडावी, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. अन्न व पाणी वगळता ५ किलोपेक्षा कमी वजनाचे सामान, चौकट नसलेल्या, घरी शिवता येईल अशा पिशवीत ते नेत. गेटवुड यांच्या थैलीकडे इतिहास जणू पुन्हा परतला. या वेळी मात्र हिशेब मांडून.

या विचारालाही मर्यादा आहे. हलकी पिशवी हलक्याच ओझ्यासाठी असते. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागात पाण्याचा साठा दूर असेल तर ५ लिटर पाणी म्हणजे ५ किलो अधिक भार होतो. पुढील गाव सात दिवसांवर असेल तर शिध्याचे वजन तितकेच किंवा त्याहून अधिक भरते. असा भार चौकट व कंबरपट्टा यांवाचून खांद्यांनाच सोसावा लागतो. म्हणून अनुभवी पदयात्रिक आधी सामान जमवितात, त्याचे वजन करतात, शिधा व पाणी यांचा सर्वाधिक भार काढतात आणि पिशवी सर्वांत शेवटी निवडतात. पिशवीचे माप माणसाच्या उंचीवरून घेतले जात नाही. मानेच्या तळाशी असलेल्या उठावदार मणक्यापासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर त्यासाठी मोजतात, कारण उंची समान असूनही हे अंतर भिन्न असू शकते.

निष्कर्ष

१. पाठपिशवीचा इतिहास हा ओबडधोबडपणाकडून परिपूर्णतेकडे जाणारा सरळ प्रवास नाही. चौकट आली, आत गेली, काहींनी ती टाकून दिली. आणि प्रत्येक टप्प्यात जुनी कल्पना नव्या द्रव्यासह परत आली.

२. भार कमरेवर घेणे आणि भार कमी करणे ही दोन भिन्न उत्तरे आहेत. पहिले तंत्राचे, तर दुसरे विवेकाचे उत्तर होय. पहिल्याच्या यशाने दुसऱ्याचा विसर पडतो, असे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसून येते.

३. ज्याला स्वतःचे ओझे ठरविता येते तोच पिशवी निवडू शकतो. सैनिक आणि भारवाहक यांना ही निवड नव्हती. म्हणून या साधनाच्या इतिहासात संशोधकांबरोबरच, ज्यांच्या पाठींवर ते प्रथम पारखले गेले त्या अनामिकांचीही नोंद झाली पाहिजे.

४. दीर्घ पल्ल्याच्या प्रवासासाठी पाठपिशवी निवडणाऱ्याने प्रथम ‘किती मावेल?’ असे न विचारता ‘काय मागे ठेवता येईल?’ असे विचारावे, हाच या इतिहासाचा व्यावहारिक बोध आहे. सत्त्याहत्तर वर्षांच्या अंतराने झालेल्या मेरियम यांच्या रचनेने आणि गेटवुड यांच्या थैलीने या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू दाखविल्या; त्या दोन्ही ध्यानात घेतल्याशिवाय केलेली निवड अपुरी राहते.